पॅटर्न ऑफिसचे कॉम्प्युटर बदलताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न डिझाईनचं छोटं ऑफिस आहे. फौंड्रीवाले कास्टिंगचं ड्रॉइंग देतात, कधी तर नुसता तुटका पार्टच आणून टेबलावर ठेवतात, आम्ही त्याचं थ्रीडी मॉडेल करतो, श्रिंकेज (धातू थंड होताना आकसतो ते) आणि मशीनिंगचा अलाउन्स धरून पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) नि कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आतली पोकळी करणारा वाळूचा कोअर बनवायचा साचा) डिझाईन करतो आणि खाली शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, तो ॲल्युमिनियममध्ये कापला जातो. डिझाईनला चार मशीनं, कॅमला (व्हीएमसीचा प्रोग्रॅम काढायला) एक, अकाउंटला एक आणि कोपऱ्यात एक जुना पीसी ज्याला आम्ही सर्व्हर म्हणतो, सगळ्या फाइली त्याच्यावर. गेल्या दिवाळीच्या तोंडावर हे सगळं बदलायचं ठरलं आणि ते काम अण्णांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, माझ्यावर टाकलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडं आमच्यासारखी ऑफिसं भरपूर आहेत आणि सध्या जो तो हेच विचारतोय की कुठलं मशीन घेऊ, म्हणून जे केलं ते सविस्तर लिहितोय.

निमित्त झालं विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत, ऑफिसला मात्र त्याचे दर मशीनमागं वेगळे पैसे मोजायचे. आमची डिझाईनची मशीनं आय७-६७०० ची, आणि अण्णांचा पहिलाच प्रश्न, "अरे पण आय-सेव्हन आहे की आपलं, मग का चालत नाही?" त्यांना समजावून सांगायला लागलं की आय७ हा त्या त्या वर्षातला दर्जा झाला, पुढचा आकडा पिढी सांगतो, ६७०० म्हणजे सहावी पिढी, २०१५ ची, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेल साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतं, वर टीपीएम २.० (बोर्डातली सिक्युरिटीची सोय) लागतं. म्हणजे आठव्या पिढीचा आय५ चालतो आणि आपला आय७ चालत नाही. जुगाड करून घालता येतं, सगळ्यांना माहिती आहे, पण जिथं गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज आहेत आणि ती बाहेर जाऊ देणार नाही असं आपण सही करून दिलेलं आहे तिथं जुगाडावर चालवणं मला पटत नाही.

शाहूपुरी आणि राजारामपुरीतनं कोटेशनं मागवली. बहुतेकांनी काय काम करता हे विचारलंसुद्धा नाही. "थ्रीडी आहे ना, मग भावा आय-नाईनच घाल, परत पाच वर्षं बघायला नको." आय९, लिक्विड कूलर, रंगीत लाइटचे पंखे, गेमिंगचं मोठं ग्राफिक कार्ड आणि या सगळ्याच्या खाली एका ओळीत "एसएमपीएस ४५० वॅट", म्हणजे पॉवर सप्लाय, त्याची कंपनी नाही, मॉडेल नाही. रॅम "३२ जीबी", कुठली ते नाही. चार मशीनांचा आकडा बघून अण्णा गप्पच झाले. मी ती कोटेशनं बाजूला ठेवली आणि म्हटलं आधी आपलीच मशीनं काम करताना बघूया.

सकाळी काम सुरू झालं की मी एकेकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचो. कोपऱ्यात टास्क मॅनेजर उघडा ठेवायचा, आणि काम करणारा माऊस सोडून हात मागं घेतो, पाणी पितो, मोबाइल बघतो, तेव्हा बघायचं की आत्ता मशीन नक्की कशासाठी थांबलंय. इतकी साधी गोष्ट आहे पण कुणी करत नाही आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, लाखाचं मशीन येतं आणि थांबायचं तिथंच थांबतं.

पहिलं जे सापडलं ते सगळ्यात मोठं निघालं. एका गिअर हाऊसिंगचा कोअर बॉक्स होता, असेंब्ली आणि सगळे पार्ट मिळून सहाशे एमबीच्या आसपास. सर्व्हरवरनं उघडायला टाकला की मिनिटभर नुसतं थांबणं. सीपीयू बघितला तर पंधरा-वीस टक्के, रॅम निम्मी मोकळी, मशीनची स्वतःची डिस्क गार, आणि इथरनेटचा आलेख मात्र ९५ एमबीपीएसला जाऊन पट्टी लावून ओढल्यासारखा सपाट. तिथं डोक्यात प्रकाश पडला. ९५ म्हणजे शंभरची लाइन भरली. शंभर मेगाबिट भागिले आठ, साडेबारा, त्यातनं प्रत्यक्ष हातात येतात सेकंदाला अकरा एमबी. सहाशेला अकरानं भागा, पन्नास-पंचावन्न सेकंद. घड्याळ लावलं तर तेवढंच आलं. आता यात आय९ घालून काय होणार, तोही त्याच लाइनीत उभा राहणार.

स्विच उघडून बघितला तर जुना १०/१०० चा. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच दोनेक हजारांच्या आत येतो, तो आणला, बसवला, तर काही मशीनं एक जीबीपीएस दाखवायला लागली आणि बाकीची तिथंच, शंभर. मग त्यांच्या केबलीचं एक कनेक्टर कापलं. आठ तारा असायला पाहिजेत, आत चारच बसवलेल्या, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी भिंतीमागनं काढून दुसऱ्या टेबलाला दिलेली, एका केबलीत दोन मशीनं. वायरिंग करणाऱ्यानं तेव्हा एक केबल वाचवली. शंभरच्या स्पीडला दोन जोड्या पुरतात त्यामुळं इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही, गिगाबिटला चारही जोड्या लागतात.

मी ती कापलेली केबल हातात घेऊन बघत होतो तेवढ्यात आमचे पॅटर्नचे मामा आले, लाकडी पॅटर्नच्या जमान्यापासनं इथं आहेत, त्यांनी ती घेतली, खिशातलं ब्लेड काढून एक तार खरवडली आणि उजेडाकडं धरली. वरनं लालसर, आतनं पांढरी. म्हणाले, "हे तांबं न्हाई बघ, ॲल्युमिनियम हाय. वरनं नुसतं तांब्याचं पांघरूण." दोनदा वाकवली तर तुटली. अशी केबल बाजारात भरपूर मिळते, स्वस्त असते, नवीन असताना चालतेही, पण कनेक्टरमध्ये दाबलेली असते तिथंच ती पुढं तुटते आणि मग नेट येतंय-जातंय सुरू होतं. केबल घेताना बॉक्सवर काय लिहिलंय ते बघाच पण एक तार खरवडूनही बघा, दुकानदार काही म्हणत नाही. आम्ही सगळ्या लाइनी पूर्ण तांब्याच्या कॅट-६ नं नव्यानं ओढल्या, खरं तर गिगाबिटला कॅट-५ई पण पुरते शंभर मीटरपर्यंत.

लाइन मोकळी झाल्यावर थांबायची जागा सरकली. आता सर्व्हरची डिस्क शंभर टक्के. जुनी हार्डडिस्क, असेंब्ली म्हणजे शेकडो छोट्या फाइली, त्या डिस्कवर पसरलेल्या, ती बिचारी शोधतच बसायची. तिथं साधी सॅटा एसएसडी घातली. दुकानात त्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडीच घ्या म्हणून मागं लागले होते पण हिशोब बघा, सॅटा एसएसडी सेकंदाला पाचशेच्या वर एमबी देते आणि गिगाबिटच्या तारेतनं जातात एकशेदहाच्या आसपास, मग साडेतीन हजारवाली घालून सर्व्हरला उपयोग शून्य. तोच कोअर बॉक्स आता दहाएक सेकंदांत उघडायला लागला. एकही नवीन कॉम्प्युटर अजून आलेला नव्हता. अण्णांना बोलावून दाखवलं, त्यांनी स्वतः दोनदा उघडायला लावला, मग म्हणाले, "आता तू म्हणशील तसं."

पुढचं थांबणं होतं रिबिल्डचं. मॉडेलमध्ये मागं जाऊन एक माप बदललं, समजा ड्राफ्ट अँगल (पॅटर्न साच्यातनं सुटावा म्हणून दिलेला उतार) एका डिग्रीचा दीड केला, की खालची सगळी फीचर्स परत होतात आणि मोठ्या मॉडेलला तेवढा वेळ हात बांधून बसायचं. तिथं सीपीयू दाखवतो १३ टक्के, आणि माणूस म्हणतो सीपीयू तर मोकळाच आहे. आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडले की खरं दिसतं, आठ चौकटींपैकी एक भरलेली आणि सात रिकाम्या. एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के. सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये फीचर एकापाठोपाठ एक बनतात, फिलेट ज्या कडेवर आहे ती कड आधी तयार व्हायला पाहिजे, त्यामुळं बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. तिथं चोवीस कोअर देऊन काय करणार, एक कोअर किती जोरात पळतो ते बघायचं. याच्या बरोब्बर उलटं कॅमच्या मशीनवर. टूलपाथ, म्हणजे कटर कुठनं फिरणार तो मार्ग, काढायला लावला की सगळ्या चौकटी काठोकाठ भरतात. म्हणजे एकाच खोलीत दोन वेगळी मशीनं लागणार होती आणि कोटेशनवाल्यांनी सगळ्यांना एकच लिहून दिलेलं.

डिझाईनला रायझन ५ ७६०० घेतला, सहा कोअर, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ६५ वॅटचा. कॅमला रायझन ९ ७९००, बारा कोअर आणि तोही ६५ वॅटचाच, साध्या एअर कूलरवर चालतो. आपल्याकडं इंटेल म्हटल्याशिवाय माणसाचं समाधान होत नाही, मामांनीही विचारलं की हे दुसरंच काय आणलंस. माझी कारणं अशी. एक म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत तरी प्रोसेसर येत राहतील असं एएमडीनं जाहीर केलंय, इंटेलचा एलजीए १७०० चौदाव्या पिढीवर संपला. दुसरं म्हणजे इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजचा घोळ झाला होता, २०२४ मध्ये त्यासाठी बायॉस अपडेट आले आणि इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून दिली, म्हणजे दुरुस्ती झालेली आहे, तरी ज्यांच्याकडं ते आहेत त्यांनी बायॉस अपडेट केलाय का बघाच. आणि तिसरं, जे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, पाचही मशीनांचे बोर्ड एकच घेतले. एक बंद पडलं तर दुसऱ्याचा पार्ट काढून लावून बघता येतं की नक्की काय गेलंय. असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, पार्ट कुरिअरनं बाहेरगावी जाऊन येईपर्यंत वाट बघायची, तेवढ्यात काम थांबू नये हे आपणच बघायला लागतं. ज्यांच्याकडं असा उद्योग करणारं कुणी नाही त्यांनी सरळ ब्रँडेड वर्कस्टेशन तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसकट घ्यावं, महाग पडतं पण त्यांना तेच बरं.

ग्राफिक कार्डात पैसे वाचले. मॉडेल फिरवताना जीपीयू वीस-तीस टक्क्यांच्या वर जातच नव्हता. अडचण फक्त स्कॅनच्या कामाला, तुटका पार्ट स्कॅन करून आला की त्याची एसटीएल फाइल लाखो त्रिकोणांची असते आणि तिथं कार्डाची मेमरी भरून जाते. म्हणून स्कॅनचं काम करणाऱ्या दोन मशीनांना आरटीएक्स ए१००० आठ जीबीचं आणि बाकीच्यांना ए४०० चार जीबीचं. दोन्ही पन्नास वॅटची, वेगळी पॉवर केबल लागत नाही. सॉलिडवर्क्सच्या साइटवर कुठलं कार्ड आणि कुठला ड्रायव्हर तपासलेला आहे त्याची यादी असते, कार्ड घ्यायच्या आधी ती बघितली आणि तोच ड्रायव्हर घातला, विंडोजला तो आपोआप बदलू दिला नाही.

आणि मग रॅम. दिवाळीआधीच्या कोटेशनात जो भाव होता तो नोव्हेंबर सरता सरता दुपटीच्या वर गेला. दुकानदार फोनवर सांगायचा, "हा भाव संध्याकाळपर्यंत, उद्याचं उद्या बघू." खोटं सांगत नव्हता तो. जगातली जवळजवळ सगळी मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, एआयच्या डेटा सेंटरांना तीच मेमरी पाहिजे, ते वर्षावर्षाचा माल आधीच उचलतायत आणि आपल्यासाठी उरतं ते असं. डिसेंबरात तर मायक्रॉननं क्रुशियल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करणार म्हणून जाहीर केलं. मी परत टास्क मॅनेजरकडं गेलो. जुन्या १६ जीबीत मोठ्या एसटीएलला अडचण होत होती, पण सगळं उघडून बघितलं तरी गरज वीसच्या पुढं फारशी जात नव्हती. म्हणून डिझाईनला ३२, सोळाच्या दोन कांड्या. एकच बत्तीसची घातली तर थोडं स्वस्त पडत होतं, पण दोन कांड्या असल्या की दोन्ही चॅनेल चालतात आणि एका कांडीत स्पीड निम्मा होतो, ते मी होऊ दिलं नाही.

याच भावानं एक चांगली गोष्ट करायला लावली. अकाउंटवाल्या ताईंना आणि पुढच्या टेबलाला, जिथं फक्त मेल आणि ड्रॉइंग बघायचं, नवीन मशीन घ्यायची काही गरजच नव्हती. मोठ्या कंपन्यांतनं निघालेले आठव्या पिढीचे आय५-८५०० वाले डेस्कटॉप घेतले, रिफर्बिश्ड, विंडोज ११ च्या यादीत बसतात. त्यांना डीडीआर४ रॅम लागते, आणि आमच्या जुन्या आय७ मध्ये डीडीआर४ च्याच कांड्या होत्या, त्या काढून यांच्यात घातल्या. दोन्ही मशीनं १६ जीबीची झाली, खर्च शून्य. घेताना अगदी छोटा मायक्रो डबा घेऊ नका, त्यात लॅपटॉपची रॅम लागते. आणि दुकानातच क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून डिस्क किती तास चाललीय ते बघा, आम्हाला दाखवलेल्या एकात डिस्क पार पिकलेली होती, तिथंच बदलून घेतली. ताईंना आधी जुनं मशीन म्हणून जरा वाईट वाटलं होतं, पण टॅली उघडायला लागलं तसं त्याच म्हणाल्या, "दादा, हे तर माझ्या घरच्या नव्या लॅपटॉपपेक्षा पळतंय."

आमची एक व्हीएमसी जुनी आहे, तिला प्रोग्रॅम आरएस-२३२ नं जातो, नऊ पिनचं ते जुनं पोर्ट. मोठा प्रोग्रॅम तिच्या मेमरीत मावत नाही म्हणून पीसीवरनं थोडा थोडा सोडत राहायचा, ड्रिप फीड. नवीन बोर्डांना मागं हे पोर्ट सहसा नसतं. यूएसबी ते सिरियलचे कन्व्हर्टर मिळतात, पण पूर्वी शॉपमध्ये नकली चिपचा एक लावला होता तो मध्येच गप्प झाला, कटर जागेवर फिरत राहिला आणि ॲल्युमिनियमवर गोल व्रण पडला, फिनिशिंगच्या पासला. कोअर बॉक्सच्या तोंडावर असा व्रण म्हणजे वेल्ड करून परत कापणं आलं. काही बोर्डांवर आत कॉम हेडर (त्याच पोर्टच्या पिना) असतो त्याला ब्रॅकेट लावून पोर्ट बाहेर काढता येतं. आम्ही मात्र जुन्या आय७ पैकी एक, ज्याला मागं खरं पोर्ट आहे, तोच मशीनजवळ ठेवला, केबल पंधरा मीटरच्या आत. त्याला इंटरनेट राउटरवरच बंद केलंय, सर्व्हरवरचा एक फोल्डर तेवढा दिसतो. विंडोज १० आहे त्यावर, राहू दे.

आता धूळ, आणि हे फक्त आपल्या भागातल्या लोकांसाठी. आमच्या शेजारी फेटलिंगचं शॉप आहे, दिवसभर कास्टिंग घासणं चालतं. जुना कॅबिनेट उघडला तर आत काळी पूड, बोटाला तेलकट. मी सहज एक लोहचुंबक जवळ नेलं आणि बोर्डवरची ती सगळी पूड केस उभे राहावेत तशी उभी राहिली. लोखंड होतं ते. रॅमच्या स्लॉटशेजारी, पिनांच्या मध्ये. म्हणून समोर जाळीच जाळी आणि बाजूला काच असले दिखाऊ कॅबिनेट आम्ही घेतले नाहीत. समोरच्या बाजूला धुवायची फिल्टर असलेला साधा घेतला, आत हवा ओढणारे पंखे दोन आणि बाहेर टाकणारा एक, म्हणजे आत दाब थोडा जास्त राहतो आणि फटीफटीतनं धूळ आत ओढली जात नाही. सोमवारी सुट्टी असते, महिन्यातनं एका सोमवारी फिल्टर धुवायची आणि ब्लोअर मारायचा, पंखा बोटानं धरून, नाहीतर तो उलटा पळतो.

पॉवरबद्दल मी अण्णांशी सगळ्यात जास्त वाद घातला कारण हा खर्च दिसत नाही. एसएमपीएसचं मॉडेल नंबरसकट लिहून घेतलं, ८० प्लस ब्रॉन्झ, साडेपाचशे वॅटचा. आमचं मशीन पूर्ण ताणावर अडीचशे वॅटच्या आत बसतं, त्यामुळं मोठ्या आकड्याची गरज नव्हती, खऱ्या आकड्याची होती. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एका हातात आणि हा दुसऱ्या हातात धरून अण्णांना दिला, वजनातच कळतं.

पण एसएमपीएस कितीही चांगला घ्या, पाठीमागं लाइनच घाण असेल तर काय. शेजारी वेल्डिंग सुरू झालं की आमच्या ट्यूबा लुकलुकायच्या. वायरमनला बोलावलं, त्यानं मीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये अकरा व्होल्ट. दोन-तीनच्या वर जाऊ नये म्हणतात. "अर्थिंग हाय कुठं तुमचं? वायर हाय नुसती," म्हणत तो वायरीच्या मागं मागं गेला तर ती शॉपच्या एका खांबाला गुंडाळलेली, आणि मेन बोर्डात न्यूट्रलचा जोड सैल होऊन काळा पडलेला. जोड नवा केला, ऑफिससाठी स्वतंत्र खड्डा घेतला, पाइप, मीठ, कोळसा. नंतर मीटर दोनच्या खाली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायचं काम मी वॉचमनमामांकडं दिलंय. गेल्या काही वर्षांत आमचे दोन बोर्ड नि एक मॉनिटर कशानं गेले असतील याचं उत्तर मला तिथं मिळालं असं वाटतं.

यूपीएस टेबलाखाली एकेक होते, ६०० व्हीएचे, म्हणजे ३६० वॅटचे, आत सात एएचची बॅटरी जी दोन-तीन वर्षांत संपते आणि लाइट गेल्यावरच कळतं की संपली. ते सगळे काढून एक तीन केव्हीएचा ऑनलाइन घेतला. मशीनं कायम त्याच्या इन्व्हर्टरवरनंच चालतात, मधला क्षणभराचा झटका नाही, आणि वेव्ह शुद्ध साइन. एकच आहे म्हणून तो बिघडला तर सगळं थांबेल ही भीती खरी आहे, त्यासाठी बाहेरून बायपास स्विच बसवून घेतला.

बॅटऱ्यांची रॅक जमिनीपासनं चांगली वर आहे. आमच्याकडं पाणी येत नाही, पण २०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नरपर्यंत पंचगंगेचं पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलंय, तळमजल्यावर टेबलाखाली सीपीयू ठेवलेल्यांचं काय झालं तेही. मशीन परत घेता येतं, पंधरा वर्षांची पॅटर्नची डिझाईनं परत कुठनं आणणार. गिऱ्हाईक आठ वर्षांनी येतं आणि म्हणतं तोच पॅटर्न परत करून द्या. म्हणून दोन डिस्कचा एक नॅस, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायचा डबा, घेतला, दोन्हींवर तेच. डिस्क घेताना सीएमआर आहे का विचारून घ्या (एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळं लिहिणं मंदावतं), २०२० मध्ये नॅससाठीच्या म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआरच्या निघाल्या होत्या आणि त्यावरनं बराच गोंधळ झाला होता. पण दोन डिस्कवर तेच असणं म्हणजे बॅकअप नव्हे, कुणी फोल्डर उडवला तर दोन्हीकडनं उडतो. खरा बॅकअप बाहेरच्या दोन डिस्कवर जातो, एक ऑफिसात आणि एक अण्णांच्या घरी वरच्या मजल्यावर, आठवड्याला अदलाबदल. महिन्यातनं एकदा त्यातनं एखादं जुनं असेंब्ली काढून उघडून बघतो, उघडलं तरच बॅकअप झाला म्हणायचं.

मॉनिटर २७ इंची क्यूएचडी, आयपीएस, मॅट. यात फार विचार केला नाही, दिवसभर बघणाऱ्यांना दुकानात नेलं आणि त्यांनाच निवडू दिला. बिलाचं ताईंनी धरून ठेवलं होतं, प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर बिलावर पाहिजे आणि जीएसटी नंबर बरोबर पाहिजे, १८ टक्क्यांचं क्रेडिट आणि कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा, कागद नीट नसला तर पुढं वॉरंटीलाही अडतं.

दुकानदार शेवटी एक चांगला मिळाला, शाहूपुरीतला, त्यानं माझी यादी वाचली आणि म्हणाला, "हे असं लिहून आणणारी गिऱ्हाइकं असतील तर आमचंबी काम सोपं होतंय की." प्रोसेसर बॉक्स पॅकच दिले, ट्रेचे सुटे नाही, आणि माझ्यासमोर जोडणी केली.

एक मशीन अजून राहिलंय. कास्टिंग सिम्युलेशन, म्हणजे धातू साच्यात कसा भरतो आणि कुठं पोकळी राहील ते आधीच बघायचं, ते आता काही फौंड्रीवाले मागतायत, त्याला ६४ जीबी रॅम तरी पाहिजे. कॅमच्या मशीनलाही तेवढी घालायची होती, सध्या बत्तीसवर चालवतोय. रिकाम्या स्लॉटात आणखी दोन कांड्या घालून भागेल असं बरेच जण सांगतात, पण एएम५ वर चार कांड्या घातल्या की स्पीड बराच खाली येतो, त्यामुळं बत्तीसच्या दोनच घ्यायच्या आणि निघणाऱ्या सोळाच्या दोन नव्या मशीनला तात्पुरत्या द्यायच्या असं ठरवलंय. दर सोमवारी भाव विचारतो. अण्णांनी बजेट वेगळं काढून ठेवलंय, आणि तोपर्यंत सिम्युलेशनचं काम आलं तर ते बाहेरनं करून घेतोय.